फाळकेंच्या जिल्ह्यातला सुपरमॅन

तलवाडा हे गेवराई तालुक्यातलं, त्वरितादेवीचं गाव. आमच्या लहानपणी इथे 'व्हिडिओ' यायचा. म्हणजे कुणीतरी तालुक्याहून टीव्ही, व्हीसीआर आणि तीन-चार कॅसेटी भाड्याने आणायचं, वर्गणी निघायची आणि उघड्यावर रात्रभर सिनेमे चालायचे. लग्न असो, गणपती असो की उरूस. लाइट गेली तर कुणी घरी जायचं नाही, गोधडी पांघरून तिथेच बसून राहायचं. दुसऱ्या दिवशी आम्ही पोरं तोच सिनेमा ओढ्याकाठी पुन्हा खेळायचो. 'शोले' खेळताना जय-वीरू कोण होणार यावरून खरी मारामारी व्हायची. माझ्या वाट्याला मात्र बहुतेक वेळा इमामसाहेब यायचे, नाहीतर त्यांचा मुलगा अहमद, जो गब्बरच्या हातून मरतो. "तूच हो, तुला नमाज येते ना," असं मित्र म्हणायचे. त्यात कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. सिनेमात त्या नावाचे जेवढे होते, तेवढेच माझ्या वाट्याला येणार, हा पोरांचा साधा हिशेब होता.

गंमत म्हणजे पडद्यामागे आमची नावं भरपूर होती. 15 ऑगस्ट 1975 ला आलेला हा सिनेमा सलीम-जावेद यांनी लिहिला, गब्बर झाला अमजद खान. उलट अहमद झाला होता आपला मराठी सचिन, आणि इमामसाहेब झाले होते ए. के. हंगल. पण ओढ्याकाठच्या पोरांना श्रेयनामावलीशी काय घेणं? त्यांना पडद्यावर जे दिसतं तेच खरं.

ही जुनी गोष्ट पुन्हा आठवली ती मालेगावच्या सिनेमामुळे. एका यंत्रमागाच्या गावातल्या सिनेवेड्या पोरांनी 'शोले' नुसता खेळला नाही, तो कॅमेऱ्यात पकडला. त्यांच्याबद्दल बोलताना लोक हसतात, "काय वेडी माणसं" म्हणतात आणि विसरतात. मला वाटतं, हा इतिहास हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो नीट मांडायचा तर सुरुवात मालेगावपासून न करता त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका वेड्या प्रेक्षकापासून करावी लागते.

त्र्यंबकचा प्रेक्षक

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म 1870 चा, नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरचा. 1910-11 च्या सुमारास मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त हलत होता आणि फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण दिसत होते. परक्यांचा देव पडद्यावर येतो, मग आपला का नाही, या प्रश्नाने त्यांना झपाटलं. विम्याची पॉलिसी गहाण पडली, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले. ते लंडनला जाऊन तंत्र शिकून आले. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. पुढे त्यांनी आपलं बस्तान नाशिकला हलवलं.

त्या सिनेमात तारामती झाला होता अण्णा साळुंके नावाचा पुरुष, हॉटेलात आचारी म्हणून काम करणारा. कारण सिनेमात काम करायला एकही बाई तयार होईना. 1917 च्या 'लंकादहन'मध्ये तर याच साळुंक्यांनी रामाचं आणि सीतेचं, दोन्ही कामं केली.

आज फाळक्यांना आपण भारतीय सिनेमाचे जनक म्हणतो. 'परक्याचं पाहून केलं' असं त्यांना कुणी हिणवत नाही, आणि ते बरोबरच आहे. पाहणारा माणूस पेटून उठतो आणि आपल्या घरातलं, आपल्या ओळखीचं काहीतरी त्या साच्यात ओततो, हीच या देशातल्या सिनेमाची पहिली गोष्ट आहे. मग तेच काम 87 वर्षांनी त्याच जिल्ह्यातल्या यंत्रमागवाल्यांनी केलं, तेव्हा त्याला नुसती नक्कल का म्हणायचं?

मुंबई-आग्रा रस्त्यावरचं गाव

मालेगाव मोसम नदीच्या काठी, मुंबई-आग्रा रस्त्यावर आहे. 1857 च्या उठावानंतर उत्तरेतले मोमीन-अन्सारी विणकर याच रस्त्याने दक्षिणेकडे आले आणि इथे स्थिरावले. सोबत त्यांनी हातमाग आणला, उर्दू आणली, मुशायरे आणले. 1921 मध्ये खिलाफत-असहकार आंदोलनात इथले विणकर इंग्रजांविरुद्ध उभे राहिले आणि त्यातले काही फासावर गेले. पुढे हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. गावाचं घड्याळ मागाच्या पाळीवर चालू लागलं. सुट्टी रविवारी नाही, शुक्रवारी.

दिवसाचे बारा-बारा तास खटखटाट ऐकणाऱ्या माणसाला शुक्रवारी काय हवं असतं? नमाज झाली, आंघोळ-जेवण झालं की सिनेमा. म्हणून हे गाव सिनेमाचं प्रचंड वेडं. नव्वदच्या दशकात तिथे गल्लोगल्ली व्हिडिओ पार्लर होते. शेख नासिर हा तरुण अशाच एका पार्लरशी जोडलेला होता. तिथे त्याने हिंदी सिनेमांबरोबर चार्ली चॅप्लिन, बस्टर कीटन आणि ब्रूस ली पाहिले. लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगमधून कॅमेरा हाताळायला तो शिकला. संकलन शिकला दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून. फिल्म इन्स्टिट्यूट म्हणायची तर ती ही.

2000 साली त्याने 'मालेगाव के शोले' बनवला. खर्च पन्नास हजारांच्या आसपास. कलाकार गावातलेच, दिवसा मागावर किंवा दुकानात काम करणारे. गब्बरच्या डाकूंना घोडे परवडणार नव्हते, म्हणून ते सायकलींवर आले. गावाने हा सिनेमा डोक्यावर घेतला. नंतर 'मालेगाव की शान', 'मालेगाव की लगान' असे आणखी काही आले.

सायकलवरचे डाकू पाहून हसू येतं. पण माझ्यासारख्याला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. या 'शोले'त मागावरचा मजूर जय होता, वीरू होता, ठाकूर होता आणि गब्बरही. फक्त इमामसाहेबांची भूमिका कुणाच्या गळ्यात पडली नाही. गावात सगळेच नमाज येणारे, त्यामुळे भूमिका वाटताना तो हिशेबच उरला नाही. ओढ्याकाठी आम्हाला जे जमलं नाही ते मालेगावच्या पोरांना जमलं.

नक्कल कुणाची, अस्सल काय?

सिनेमा, कॉमिक्स आणि व्हिडिओ गेम यांचा शौक असलेल्या माणसाला एक गोष्ट लवकर कळते: इथे बिनउसनवारीचं घर सापडणं कठीण. 'शोले'च्या मागे अमेरिकन वेस्टर्न आहेत आणि कुरोसावाचा 1954 चा 'सेव्हन समुराई' आहे. त्या वेस्टर्नच्या मागे आणखी काही आहे. कुणी कुणाकडून घेतलं यापेक्षा घेऊन काय केलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

सुपरमॅनचंच बघा. 1938 मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या दोन तरुणांचा हा नायक 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात छापून आला. जेरी सीगल लिहायचा, जो शुस्टर चित्रं काढायचा. दोघंही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतली मुलं, शुस्टरचे वडील शिंपी. हिटलरच्या काळात, स्वतःकडे ना पैसा ना ताकद असलेल्या या पोरांनी दुसऱ्या ग्रहावरून आलेला, दिवसा बावळट दिसणारा आणि वेळ आली की उडणारा माणूस कल्पिला. त्याचे हक्क त्यांनी 130 डॉलरला विकले. पुढे नाव आणि पैसा यांसाठी त्यांना अनेक वर्षं भांडावं लागलं. सुपरमॅन जन्माला आला तोच अल्पसंख्य, कारागिरांच्या घरातल्या पोरांच्या स्वप्नातून. मालेगावच्या विणकरांच्या घरात तो गेला, यात परकं काय?

आणि मुंबईत तर तो त्यांच्या कितीतरी आधी आला होता. 1960 मध्ये महंमद हुसेन यांनी 'सुपरमॅन' नावाचा हिंदी सिनेमा केला. नायक पी. जयराज, म्हणजे जुन्या हैदराबाद संस्थानातल्या करीमनगरचा माणूस. आमचा बीड जिल्हाही तेव्हा त्याच संस्थानात होता, त्यामुळे जयराज मला उगाच आपल्या गाववाल्यासारखा वाटतो. याच महंमद हुसेन यांनी पुढे दारा सिंगला घेऊन 'फौलाद' केला. त्याही आधी बाबूभाई मिस्त्री यांनी 1937 च्या 'ख्वाब की दुनिया'मध्ये काळ्या दोऱ्याने वस्तू हवेत हलवून अदृश्य माणूस दाखवला होता. लोक त्यांना 'काला धागा'च म्हणू लागले. स्टंटपट, जादूपट आणि 'हातिमताई'सारख्या चित्रपटांच्या या दुनियेत पारशी, मुसलमान, हिंदू, सगळेच राबत होते. समीक्षकांनी त्यांना 'क' दर्जा दिला. गावच्या जत्रेतल्या तंबूत मात्र तेच चालायचे.

नायकाचं नाव काय?

कॉमिक्सच्या दुनियेतही असंच. टाइम्स समूहाची 'इंद्रजाल कॉमिक्स' 1964 ते 1990 चालली आणि तिच्या मराठी अंकांनी वेताळ आणि मँड्रेक आपल्या घरात आणले. 1976 मध्ये याच मालिकेत एक देशी नायक आला: बहादूर. कुर्ता आणि जीन्स घालणारा, डाकूचा मुलगा. बापाला मारणाऱ्या पोलिसावर सूड उगवायला निघालेला आणि शेवटी गावकऱ्यांचं सुरक्षा दल उभारणारा. वेताळ जंगलात एकटा राज्य करतो, बहादूर गावाला सोबत घेऊन लढतो. म्हणून मला तो जास्त आवडतो. हा बहादूर ज्यांनी निर्माण केला त्यांचं नाव आबिद सुरती. गुजरातमध्ये जन्मलेले, मुंबईत वाढलेले, जे. जे.मध्ये शिकलेले. म्हातारपणी हेच सुरती रविवारी प्लंबरला सोबत घेऊन मीरा रोडच्या इमारतींतले गळके नळ फुकट दुरुस्त करत फिरले. बहादूरने केलं असतं तसंच काम. 'बहादूर' वाचलेल्या किती जणांना निर्मात्याचं नाव माहीत होतं? मला तरी विशी ओलांडेपर्यंत नव्हतं.

व्हिडिओ गेममध्ये हे आणखी ठळक दिसतं. 1989 चा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' मी संगणकाच्या क्लासमध्ये चोरून खेळलो. महाल इराणी, तलवारी इराणी, पण नायकाला नावच नाही. तो फक्त 'राजपुत्र'. नाव आहे ते खलनायक वजिराला, जाफर. नंतर 'काउंटर-स्ट्राइक' आला. त्यातला सगळ्यांचा आवडता नकाशा म्हणजे 'डस्ट': अरबी वळणाच्या कमानी, मातकट भिंती आणि त्यात लपलेले दहशतवादी. खेळ उत्तम आहे, मी तासन्‌तास खेळलोय. पण ती गल्ली कुणाच्या तरी मोहल्ल्यासारखी दिसते, हे खेळताना माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही. मराठी सिनेमा तर आपलाच. 'सैराट' मला फार आवडतो. त्यातही सल्या हा मित्र आहे. जीव लावणारा, पण मित्र.

ही तक्रार म्हणून लिहीत नाही. शौक असलेल्या माणसाला आपल्या आवडीच्या वस्तूत स्वतःचं नाव शोधायची खोड असते, एवढंच. बहुतेक जण शोधून थांबतात. मालेगावच्या पोरांनी थांबायचं नाकारलं.

उडणारा मजूर

'शोले'नंतर काही वर्षांनी नासिरने सुपरमॅन करायला घेतला. नायक शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा काटकुळा तरुण. त्याचं उडणं जमवायला हिरवा पडदा आणला, हलका कॅमेरा घेतला. शूटिंगच्या मध्येच तो कॅमेरा पाण्यात पडला. शफीकचं लग्नही याच दिवसांत झालं. सिनेमातल्या खलनायकाला घाणीचं प्रेम आहे, आणि उघड्या गटारांच्या गावात सुपरमॅन त्याच्याशी लढतो. यापेक्षा नेमकं राजकीय व्यंग मी कुठल्या मोठ्या बॅनरच्या सिनेमात पाहिलेलं नाही. हे सगळं आपल्याला दिसतं फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या 2008 च्या माहितीपटामुळे. तो जगभरच्या महोत्सवांत गाजला आणि 2012 मध्ये आपल्याकडच्या थिएटरांत लागला.

आता ती तारीख पुन्हा बघा. 8 सप्टेंबर 2006, शब-ए-बारातचा शुक्रवार. मालेगावच्या बडा कब्रस्तान परिसरात बॉम्बस्फोट झाले, तीसहून अधिक माणसं गेली. त्यानंतर नऊ मुसलमान तरुणांना अटक झाली. त्यांना कोर्टाने दोषमुक्त केलं ते थेट 2016 मध्ये. 29 सप्टेंबर 2008 ला भिक्कू चौकात पुन्हा स्फोट झाला, सहा जण गेले. त्या खटल्याचा निकाल 31 जुलै 2025 ला लागला, सगळे आरोपी निर्दोष सुटले. दोन्ही वेळा मेलेल्यांचे नातेवाईक विचारत राहिले की मग केलं कुणी?

या दोन स्फोटांच्या मधल्या काळात, त्याच गल्ल्यांत, हा सुपरमॅन उडत होता. वर्तमानपत्रांत मालेगाव शब्दापुढे फक्त दंगल, स्फोट आणि संवेदनशील हे शब्द यायचे. 'संवेदनशील' शहर म्हणजे पोलिसांनी जास्त बंदोबस्त ठेवायचं शहर, असा अर्थ आपण बनवून ठेवलाय. ज्यांच्यावर देश संशय घेत होता त्यांच्याच शेजारची माणसं गावाला हसवण्यासाठी खिशातले पैसे घालत होती. उपदेश नाही, भाषण नाही. गंजलेल्या सायकली आणि हिरवा पडदा. इतिहासकाराला त्या काळचं मालेगाव समजून घ्यायचं असेल तर आरोपपत्रांएवढाच हा सिनेमाही वाचावा लागेल.

शफीकला तोंडाचा कॅन्सर झाला. मागावर रात्रपाळीत जागं राहायला गुटखा तोंडात धरणारे हजारो आहेत, आणि हा आजार यंत्रमागाच्या गावांना नवा नाही. पडद्यावर उडालेला हा माणूस सिनेमा पूर्ण झाल्यानंतर फार दिवस जगला नाही.

जे पडद्यावर आलं नाही

कौतुक करताना एक गोष्ट लपवू नये. मालेगावच्या या सिनेमांत मालेगावची बाई नाही. नायिका बाहेरगावाहून आणावी लागायची, कारण गावातल्या मुलीने कॅमेऱ्यासमोर यावं हे गावाला मान्य नव्हतं. 1913 मध्ये फाळक्यांना तारामती मिळाली नाही, 87 वर्षांनीही मालेगावला बसंती मिळेना. फाळक्यांच्या बाबतीत आपण 'तो काळच तसा होता' म्हणून सोडून देतो. आपल्या बाबतीत तसं म्हणता येणार नाही. ज्या पोरांना नायकाच्या जागी स्वतःला पाहायचं होतं, त्यांच्या बहिणींनाही तेच वाटलं असेल. तलवाड्यात व्हिडिओ यायचा तेव्हा बाया मागच्या बाजूला, अंधारात बसायच्या. ओढ्याकाठच्या खेळात एकही मुलगी नसायची. मला इमामसाहेब व्हावं लागलं याची खंत मी इतकी वर्षं सांगतो. माझ्या बहिणीला तर तेवढंही मिळालं नाही.

28 फेब्रुवारी 2025 ला रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' आला. आदर्श गौरव नासिर झाला, शशांक अरोरा शफीक, विनीत कुमार सिंग लेखक फरोग. सिनेमा मनापासून केलेला आहे, शेवटाला माझेही डोळे पाणावले. पण मुंबईने मालेगावची गोष्ट सांगितली, म्हणजे मालेगावच्या मूळ सिनेमांची सोय झाली असं नाही. मराठी सिनेमाच्या इतिहासात ते येत नाहीत, कारण भाषा मराठी नाही. हिंदीच्या इतिहासात येत नाहीत, कारण ते मुंबईत झाले नाहीत. घरात दखनी, शाळेत मराठी आणि मदरशात उर्दू शिकलेल्या आपल्यासारख्यांना ही मधली जागा चांगली ओळखीची आहे. तिथलं काम कुणाच्याच खात्यावर जमा होत नाही. कॅसेटीला बुरशी लागते, सीडी खराब होते. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चीसुद्धा आज पूर्ण प्रत नाही. विसरायला फार वेळ लागत नाही.

तलवाड्यात आता व्हिडिओ येत नाही. दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांतल्या पोरांच्या हातातही मोबाइल असतो, आणि फडातल्या पाचटावर उभं राहून ती हिरोगिरीच्या रील करतात. परवा मोहल्ल्यातली पोरं अशीच एक रील करत होती. माझ्या पुतण्याला विचारलं, "तू कोण झालास रे?" तो म्हणाला, "मी शूटिंग करतोय, चच्चा." त्याच्या शेजारी त्याची बहीण पुठ्ठ्याची तलवार घेऊन उभी होती आणि तिची पाळी कधी येते याची वाट बघत होती. मी त्याला एवढंच म्हणालो, "आधी तिचं घे."